आवड बदलली म्हणून जुने खंड विकू नकोस

अरे, हाणामारीच्या मांगा (जपानी चित्रकथा) वाचायचा कंटाळा आला म्हणून लगेच सगळं रद्दीत काढायला निघू नकोस. ‘शोनेन’ (किशोर मुलांसाठी), ‘सेइनेन’ (तरुण पुरुषांसाठी) हे शिक्के नियतकालिकाचा वाचक कोण, यावरून पडतात. त्यावरून कथेची खोली मोजणारे भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस.

मांगाकार ताकेहिको इनोउएचंच बघ. त्याची बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ १९९० ते १९९६ चालली. पहिल्या वाचनात आपण फक्त कोण जिंकतं ते बघतो. काही वर्षांनी सान्नो या शाळेच्या संघाविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे क्षण परत काढ. संवाद जवळपास नाहीतच, नुसते चेहरे, हात, चेंडू. आधी भराभर उलटलेली ती पानं आता सोडवत नाहीत. १९९८ला सुरू झालेली त्याचीच ‘व्हॅगाबाँड’ मात्र घाईत घेऊ नकोस. तलवारबाज मुसाशी पुढे चक्क नापीक जमीन कसायला लागतो, आणि तलवारीसाठी आलेला वाचक तिथे वैतागतो. (मला तोच भाग सगळ्यात आवडतो.) शिवाय २०१५पासून ती रखडली आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

अ‍ॅनिमेचं (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचं) म्हणशील तर, तीन भागांत रंगलं नाही तर खुशाल सोड. पण नाव लिहून ठेव, वर्षा-दोन वर्षांनी परत लावून बघ.