सही अर्ध्या गुडघ्याची, ऑपरेशन पूर्ण गुडघ्याचं

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले. आईचं वय 64. उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूने झीज झाली होती, म्हणून डॉक्टरांनी अर्धा गुडघा बदलायचं सुचवलं. कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन ठरलं, खर्चाचा अंदाज 1,60,000 रुपये सांगितला. आईने सही त्याच ऑपरेशनसाठी केली. ऑपरेशन चालू असताना मला दाराशी बोलावून ‘पूर्ण गुडघा बदलावा लागेल, इथे सही करा’ असं सांगितलं. मी घाबरून केली. बिल 2,45,000 झालं. आता वर्ष उलटून गेलंय. आई चालते, पण गुडघा पहिल्यासारखा वाकत नाही, घराची पाखाडी उतरताना भिंतीला धरावं लागतं. ‘मला का नाही विचारलं?’ असं ती सारखं म्हणते. सही माझीच आहे, मग आता काही करता येईल का? काही जण पोलिसांत जा म्हणतात.

उत्तर : करता येईल. आधी तुमच्या सहीचं बघू, कारण तुमच्या पत्रभर तीच सलतेय.

सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या माणसाच्या शरीरावर काय करायचं, याची परवानगी फक्त तो माणूस देऊ शकतो. नवरा, मुलगा, आई, कुणाचीही सही त्या जागी चालत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हे स्पष्ट केलं आहे. तिथे रुग्ण बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली होती, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. उपचार चांगल्या हेतूने झाले, हे धरूनही मानली नाही. डॉक्टरांचा फीवरचा हक्क नाकारला आणि 25,000 रुपये भरपाई दिली. त्या निकालाप्रमाणे ठरल्यापेक्षा जास्तीची शस्त्रक्रिया विचारल्याशिवाय करायची मुभा एकाच वेळी आहे : थांबलं तर रुग्णाच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तेव्हा. म्हणून दाराशी घाबरून केलेल्या सहीचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता रुग्णालयाची बाजू, कारण ती पोकळ नाही. गुडघ्याचे तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. झीज एकाच कप्प्यापुरती असेल आणि मधला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, शाबूत असेल, तर अर्धा गुडघा बदलून भागतं. पण गुडघा उघडल्यावर दुसऱ्या कप्प्याची कुर्चाही गेलेली दिसू शकते, लिगामेंट फाटलेला सापडू शकतो. अशा वेळी पूर्ण गुडघा बदलणं हा वैद्यकीयदृष्ट्या योग्य निर्णय असू शकतो. म्हणूनच बरेच सर्जन संमतीपत्रातच ‘अर्धा, गरज पडल्यास पूर्ण’ असं लिहून आधीच सही घेतात. आईंच्या सहीच्या कागदावर ही ओळ आहे का? असेल आणि ती त्यांना मराठीत समजावून सांगितली असेल, तर तुमची केस फार अशक्त होते. नसेल, तर मजबूत आहे. तुमच्या प्रकरणात यापेक्षा मोठा प्रश्न दुसरा नाही.

तेव्हा पहिलं काम कागद मिळवण्याचं. आईंच्या सहीने रुग्णालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे अर्जानंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. दोन्ही संमतीपत्रं, ऑपरेशन नोट्स, आधीचे एक्स-रे आणि भुलेचा तक्ता मागा. तक्ता मी मुद्दाम सांगतोय. गुडघ्याच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा भूल कमरेतून देतात, तेव्हा रुग्ण जागा असू शकतो. आईंना गुंगीचं औषध दिलं होतं का, कधी दिलं, हे त्या तक्त्यात दिसेल. त्या जागच्या असतील आणि तरी त्यांना सोडून तुम्हाला विचारलं असेल, तर रुग्णालयाला उत्तर देणं अवघड जाईल.

ऑपरेशन नोट्सच्या पानावर बसवलेल्या भागांचे छोटे स्टिकर लावलेले असतात, कंपनी आणि बॅच नंबर असलेले. ते बिलाशी ताडून पाहा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरले होते. तुमच्या ऑपरेशनच्या तारखेला लागू असलेला दर वकिलाकडून तपासून घ्या. जास्त लावले असतील तर ती वेगळी तक्रार होते.

पोलिसांत जाऊ नका. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सांगितलं आहे. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही नाही. शिवाय फिर्याद दिली की समोरचा माणूस बोलणं बंद करतो.

तुमची जागा ग्राहक आयोग. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे. 2019 च्या कायद्याने आपल्या भागातल्या लोकांची मोठी सोय केली : ऑपरेशन कोल्हापूरला झालं तरी तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. घाट चढून तारखांना जायला नको. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्कही नाही. तक्रारदार आई असतील, तुम्ही त्यांचे प्रतिनिधी. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तक्रार लिहिताना ‘डॉक्टरांनी गुडघा बिघडवला’ असं लिहू नका. ते सिद्ध करायला तज्ज्ञाचं मत लागेल आणि ते बहुधा तुमच्या विरुद्ध जाईल. अर्धा आणि पूर्ण गुडघा यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या टॉपकॅट अभ्यासात (2019) पाच वर्षांनी दोन्ही गटांचे रुग्ण जवळपास सारखेच बरे होते, त्याचा आधार समोरचा वकील घेईल. तुमचं म्हणणं एवढंच ठेवा : आईंची संमती अर्ध्या गुडघ्याला होती, पूर्ण गुडघा बदलायला नव्हती, आणि थांबल्याने जिवाला धोका नव्हता. मागणी वाढीव 85,000 रुपयांची आणि मनस्तापाच्या भरपाईची करा. पंचवीस लाख मागून काही साधत नाही.

आधी नोटीस पाठवा. रुग्णालय तडजोडीला तयार होण्याची बरीच शक्यता आहे, आयोगातही मध्यस्थीची सोय आहे. पैसे परत देताना ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतील. तो कागद आईंना पूर्ण वाचून दाखवा, सही त्यांचीच असू द्या.

आणि मुदत दोन वर्षांची आहे. वर्ष गेलंय, म्हणून कागदांचा अर्ज याच आठवड्यात करा. नोटिशीला उत्तर येण्याची वाट पाहत बसलात तरी ही मुदत थांबत नाही.