पासपोर्टवर कुणाचं नाव ठेवणार आहेस?

तू विचारलंयस की नवऱ्याच्या ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना) जर्मनीला चाललेय, तिकडे माझी स्वतःची ओळख राहील की नुसती कुणाची तरी बायको होऊन बसेन. व्हिसा, भाषेची अट, डिपेंडंटला नोकरी करता येते का (येते, लगेच) हे सगळं एम्बसीच्या साइटवर आहे, ते परत टाइप करत नाही. मी पण अशीच आले म्युनिकला, म्हणून रात्रीचे अकरा वाजलेत तरी लिहीत बसलेय.

आधी नावाचं बघ. आपलं मधलं नाव पासपोर्टवर गिव्हन नेममध्येच जातं आणि इथल्या ऑफिसांत दोन्ही तुझीच नावं समजतात. इन्शुरन्सचं कार्ड, घराचा करार, बँक, सगळीकडे मी मृणाल सचिन. एका दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं, सचिन म्हटलं तर चालेल का? त्यात डिग्री माहेरच्या नावावर, म्हणजे डिग्रीवर बाबा, पासपोर्टवर नवरा, आणि त्या दोघी एकच बाई आहेत हे सिद्ध करायला मॅरेज सर्टिफिकेट, वर त्याचं जर्मन भाषांतर. भारतातलं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, म्हणून जन्मदाखला लागला तर जर्मन कॉन्सुलेटचा वकील थेट भारतातल्या नगरपालिकेत जाऊन रजिस्टर तपासतो. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि आईबाबांची नावं, आणि ते नाव चढवायला बाबांना या वयात जे हेलपाटे पडले ते आठवलं की अजून डोकं फिरतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाहीये, एवढं लक्षात ठेव.

आता ओळखीचं. सांगलीत 'कुणाची गं तू?' याचा मला भयंकर वैताग यायचा. इथे कुणी विचारत नाही, आडनावावरून जात आणि गाव काढत नाही, सुरुवातीला काय मस्त वाटलं म्हणून सांगू. पण त्या सगळ्यातून सुटले म्हणजे मी 'मी' झाले असं नाही, मी 'इंडियन' झाले. योगा मला विचारायचा, दिवाळीचं प्रेझेंटेशन मी करायचं. टीममधला चेन्नईचा मुलगा आणि मी इथल्यांच्या लेखी एकाच घरातले, आणि आम्ही दोघं आपसात इंग्रजीत बोलतो! शिवाय मी मूळची तिरकस बोलणारी, माहेरी सगळे टरकून असायचे. जर्मनमध्ये तिरकस बोलायला जाईपर्यंत विषय बदललेला असतो, त्यामुळे ऑफिसात मी एक सालस, समजूतदार बाई आहे. ती बाई कोण आहे मला माहीत नाही, पण तिला प्रमोशन मिळालं.

मुलीचंही तेच झालं आणि ते मला अजून पचलेलं नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, पुढची शाळा चौथीतच ठरते. इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला ग्रेड, आकडा वाढला की ग्रेड खाली. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, नाहीतर 2.66 पर्यंत रिआलशुल, म्हणजे त्याखालची मधली शाळा. तिची 2.66 आली. बाई म्हणाल्या, ती फार शांत आहे, तिला रिआलशुलच मानवेल. शांत? ही पोरगी व्हिडिओ कॉलवर आजीशी सांगलीच्या मराठीत कडाकडा भांडते. पुढचे रस्ते बंद होत नाहीत, ती मजेत आहे, सगळं खरं. पण दहाव्या वर्षी एका परक्या भाषेतल्या गप्प बसण्यावरून माणूस कसा आहे ते ठरवायचं?

एकटेपणाचं विचारलंस. येतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. भाषेचा क्लास लाव, मंडळाच्या गणपतीला जा, निभावतं.

सध्या माझा नागरिकत्वाचा फॉर्म टेबलावर पडलाय. जर्मनीने जून 2024 पासून दुसरं नागरिकत्व ठेवायला परवानगी दिली, पण भारत देत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घ्यायचं. त्यात एक सोय आहे, जर्मन कायद्यात न बसणारा नावाचा भाग तेव्हा गाळता येतो. म्हणजे 'सचिन' काढून नुसती मृणाल होता येईल. सचिन म्हणतो काढ की, मला काय! सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगू, रकाना अजून मी पण भरलेला नाही.