संकटी पावावे आणि भरून पावले

एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे' म्हणावे की 'संकष्टी पावावे'? आमची आजी पोटभर जेवल्यावर किंवा नातवंडे भेटून गेल्यावर 'भरून पावले' म्हणते, त्यातले 'पावणे' हेच का? तिच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर हे शब्द घालायचे आहेत, पण घरातल्या काहींना ते वैतागाचे वाटतात. त्याऐवजी 'मी कृतज्ञ आहे' असे छापावे का?"

आरतीतला योग्य पाठ 'संकटी पावावे' हाच आहे. 'घर'वरून 'घरी' व्हावे तसे 'संकट'वरून 'संकटी', म्हणजे संकटात. लगेच पुढे येणारे 'निर्वाणी रक्षावे' हेही त्याच घडणीचे आहे. निर्वाणी म्हणजे अगदी शेवटच्या, निकराच्या क्षणी. गणपती आणि संकष्टी चतुर्थी यांचे नाते मनात इतके घट्ट बसलेले आहे की जीभ आपोआप 'संकष्टी'कडे वळते. पण तो चतुर्थीचा दिवस मानला, तर देवाला महिन्यातून एकदाच धावून ये असे सांगितल्यासारखे होते, आणि रचनेतली मागणी तर कोणत्याही दिवशी कोसळणाऱ्या संकटासाठी आहे.

आता 'पावणे'. संस्कृतातील 'प्राप्' या धातूपासून प्राकृतात 'पावइ' झाले आणि त्यातून आपले 'पावणे' आले. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' होणे ही मराठीची जुनी वाट आहे : दीपाचा दिवा, कपाटाचे कवाड, सपत्नीची सवत. मूळ अर्थ पोहोचणे. अभंगांतले 'पावलो पंढरी' म्हणजे पंढरीस पोहोचलो, आणि जुन्या पत्रांतले 'पत्र पावले' म्हणजे पत्र हाती आले. याच अर्थाने 'देव पावला' म्हणजे देव माझ्यापर्यंत येऊन पोहोचला. हिंदीत याच मुळापासून 'पाना' आले, पण तिथे माणूस देवाला पावतो. 'मला देव पावला' या मराठी वाक्यात चालत येणारा देव असतो आणि माणूस जागच्या जागी, वाट पाहत उभा असतो. श्रद्धेची ही कल्पना कोणी शिकवावी लागत नाही, ती क्रियापदातच बसलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

'पावती' हा शब्दही इथलाच. वर्गणीची पावती म्हणजे रक्कम पावल्याची खूण. 'पोचपावती'त तर पोचणे आणि पावणे ही एकाच अर्थाची दोन क्रियापदे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. पंगतीत वाढायला आलेल्याला ताटावर हात आडवा धरून 'नको, पावले' म्हणणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. न घेताही तुमचे देणे माझ्यापर्यंत पोहोचले, असे ते सांगत असत.

'भरून पावले'ची गोष्ट अधिक लक्ष देण्याजोगी आहे. माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत शेताच्या एका तुकड्याचे जुने खरेदीखत होते : घडीवर विरलेला मुद्रांकाचा कागद, फिकी पडलेली शाई, आणि रकमेच्या आकड्यापुढे 'रोख भरून पावलो, तक्रार नाही' असे शब्द. त्याखाली विकणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता, कडेला थोडा फरकटलेला. खरेदीखतांत ही शब्दयोजना आजही आढळते. भरून पावणे म्हणजे ठरलेले सगळे, एक पैही कमी नसता, हाती येणे. तुमच्या आजी जेवणानंतर किंवा नातवंडांच्या भेटीनंतर हेच म्हणतात : मला जे यायचे होते ते पुरते आले, आता माझे कोणाकडे काही येणे नाही. वैतागून, हात जोडून 'तुझ्याकडून भरून पावलो' असे म्हणतात हे खरे आहे, पण तो उलटा अर्थ सरळ अर्थाच्याच आधाराने उभा राहतो.

व्याकरणातही एक गंमत आहे. मिळवण्याच्या क्रियापदांना भूतकाळात 'ने' लागतो : त्याने मान मिळवला, तिने समाधान मिळवले. 'पावणे'ला तो लागत नाही : तो मान पावला, ती समाधान पावली. मिळालेली वस्तू वाक्यात असूनही क्रियापद पावणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कमावल्याचा भाव त्यात येत नाही. म्हणूनच आनंद, संतोष, समाधान यांच्याशी ते इतके सहज जुळते.

पावणेदोनमधले 'पावणे' ('पादोन'वरून, म्हणजे पाव भाग उणे) आणि पाहुणा या अर्थाचा 'पावणा' यांचा या क्रियापदाशी संबंध नाही.

'कृतज्ञ' हा शब्द सुंदर आहे. कोणी आपल्यासाठी केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. पण त्यात उपकार करणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. आजींचे शब्द भाकरीला, उन्हाला आणि नातवंडांच्या गोंगाटालाही लागू पडतात, तेव्हा ते बदलू नयेत. फक्त पत्रिकेवर नुसते 'भरून पावले' न छापता 'मी भरून पावले' असे छापावे. 'मी' आल्याने वैतागाचा सूर उरणार नाही, आणि 'पावले' म्हणजे पाऊलचे अनेकवचन असा घोटाळाही होणार नाही.