आठ वाजताचा व्हिडिओ कॉल

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की मला दरवर्षी एकच फोन वेगवेगळ्या आवाजात येतो. "मॅडम, लेकरू होस्टेलला टाकलंय, रोज रडतंय, घेऊन येऊ का परत?" मी समुपदेशक, बसते नवी मुंबईत नेरूळला, आजूबाजूला कॉलेजं आणि होस्टेलं ढीगभर, त्यामुळे हा प्रश्न आता मला तोंडपाठ झालाय. उत्तर मात्र दरवेळी नव्याने शोधावं लागतं. गेल्या वर्षीची एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलाला आपण ओंकार म्हणू.

ओंकार लातूर जिल्ह्यातला, अहमदपूरच्या बाजूचा. अकरावी-बारावी लातूरला. आता लातूर पॅटर्न सगळ्यांना ऐकून माहितीये, क्लासेस, टेस्ट सिरीज वगैरे, पण त्यात अजून एक गोष्ट असते जी इकडच्या लोकांना माहीत नसते, ती म्हणजे आई. गावाकडचं घर, शेत, म्हैस सगळं नवऱ्यावर सोडून कितीतरी आया लातूरला एक खोली भाड्याने घेतात आणि दोन वर्षं पोराला वेळेवर गरम जेवण करून घालतात. ओंकारची आई त्यातलीच. दोन वर्षं एका खोलीत हे दोघंच, तो टेबलावर पुस्तकात आणि ती मागे बिनआवाजाची भांडी घासत. मग सीईटी झाली, कॅप राऊंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीत, इकडचं इंजिनिअरिंग कॉलेज लागलं, पहाटे कळंबोलीला ट्रॅव्हल्समधून उतरले, पप्पांनी गादी-बादली घेऊन दिली, संध्याकाळच्या गाडीने परत गेले. झालं.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "करमत नाही म्हणतोय हो. जेवत नाही नीट. मी काय करू?" मागून पप्पांचा आवाज, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती!" मला गंमत वाटते, कारण ही थेरं फार जुनी आहेत. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या माणसाने घरापासून लांब राहिलेल्या स्विस लोकांच्या या त्रासावर अख्खा प्रबंध लिहून ठेवला होता, आणि उपाय काय तर घरी पाठवा! म्हणजे ओंकारची आई आणि होफर यांचं मत एकच होतं. माझं थोडं वेगळं आहे.

पोरगा आला तेव्हा शर्टाला दमट वास येत होता. मी काही म्हणायच्या आधी तोच म्हणाला, "मॅडम कपडे वाळतच नाहीत इथं, चार दिवस झाले." सप्टेंबरचा पाऊस चालू होता. हा पोरगा तिसरी-चौथीत असताना २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणत होते, घागर-घागर मोजून पाणी भरलेलं घर, आणि आता खिडकीबाहेर दिवसरात्र पाणी धो धो फुकट वाहतंय. तो म्हणाला, "पाऊस बघून बरं वाटायला पाहिजे ना, मला रडू येतं." ह्यात मला विचित्र काहीच वाटलं नाही. करमत नाही म्हणजे नुसती आईची आठवण नसते, अंगाला सवयीच्या असलेल्या सगळ्या गोष्टी एकदम काढून घेतलेल्या असतात, हवा, वास, भाषा, दिवा कधी बंद करायचा ते सुद्धा. रूममधले दोघं एक इंदूरचा, एक नाशिकचा, रात्री दोनपर्यंत लाईट चालू, आणि ह्याला "लाईट बंद करता का" हे हिंदीत कसं म्हणावं म्हणजे ऑर्डर सोडल्यासारखं वाटणार नाही, हेच कळेना.

पहिला प्रश्न मी रॅगिंगचा विचारते, नेहमीच. सरळ विचारलं तर मुलं नाही म्हणतात, म्हणून फिरवून विचारते, रात्री रूमची कडी कोण वाजवतं, सिनिअरसमोर जाताना रस्ता बदलतोस का वगैरे. तसं काही नव्हतं. असतं तर केसची दिशाच वेगळी, महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाईन चोवीस तास चालते, तिथे सहन करायला शिकवणं हा सल्ला होऊच शकत नाही.

मग मी त्याला म्हटलं, कालचं रात्रीचं जेवण सांग मला, रूमचं दार लावलंस तिथपासून. कंटाळत सांगायला लागला. मेस साडेसातला उघडते, पण आईचा फोन आठला येतो म्हणून तो आठला जातो. ताट घेतो, खांबाच्या मागचं टेबल. पाण्याचा स्टीलचा ग्लास समोर, त्याला मोबाईल टेकवतो, एका कानात इअरफोन. आई व्हिडिओवर. "काय दिलंय आज? दाखव. एवढंच? भात घे की." तो ताट मोबाईलला दाखवतो. वरण पातळ आहे हे दोघं मिळून बघतात. मग आई डोळे पुसते, मग ह्याच्या घशाखाली घास उतरत नाही, अर्धं ताट टाकून रूमवर. रोज. तीन आठवडे.

"आणि शेजारी कोण बसतं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

कोण बसणार? इअरफोन घालून आईशी बोलणाऱ्या पोराशेजारी ताट घेऊन बसायला माणूस संकोचतो हो. पोरं वाईट नव्हती, ती त्याला प्रायव्हसी देत होती!

मैत्रीबद्दल आपल्याला वाटतं की स्वभाव जुळावे लागतात. नंतर लागतात, आधी जागा जुळावी लागते. १९५० च्या सुमारास फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत बघितलं की कोणाची कोणाशी मैत्री झाली, तर ते बरंचसं दारं किती जवळ आणि जिना कुठे यावरच ठरलेलं निघालं. चाळीत राहिलेल्या माणसाला हे संशोधन सांगायची गरज नाही म्हणा. होस्टेलमध्ये तो जिना म्हणजे मेस, नळ, आणि कपडे वाळत घालायची दोरी. ओंकारने त्यातली मेस फोनला देऊन टाकली होती.

म्हणून मी एवढंच सांगितलं, आठला जेवायला जा, रोज तेच टेबल, पण खांबाच्या पुढचं, आणि मोबाईल रूमवर चार्जिंगला. आईचा फोन पावणेदहाला, पंधरा मिनिटं, तोही जेवणाचं सोडून. बोलायचं नाही कोणाशी तर नको बोलूस, फक्त बस.

त्याने मान हलवली. खरी लढाई आईशी झाली. फोनवर आधी गप्प, मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी त्याला त्रास देते असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही ताई, पण मला एक सांगा, तुमच्याकडे आठ वाजता काय असतं? तिला बोलायला वेळ लागला. दोन वर्षं आठ वाजता लातूरच्या खोलीत पोळपाट मांडलेला असायचा, पोरगा क्लासहून यायचा. आता गावाकडे सात वाजताच सगळ्यांचं आटपतं, नवरा टीव्हीसमोर, आणि हात रिकामे. करमत तिलाही नव्हतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. हे मी फार घरांत बघितलंय. फोन कोणासाठी चाललाय ते बघावं लागतं, आणि त्यात आईला दोष द्यायचं काहीच नाही.

पहिले तीन दिवस कोणीच बोललं नाही, ओंकारने मला मेसेज करून जवळपास तक्रारच केली. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा एक जण समोर बसला आणि विचारलं, "भाई, दही का एक्स्ट्रा लगता है क्या?" एवढंच. पाचव्या दिवशी तोच, त्याच जागी. लाईटचा प्रश्न सुटायला महिना लागला, आणि तो चर्चेने सुटला नाही, नाशिकवाल्याने टेबल लॅम्प आणला.

रविवार मात्र वाईटच राहिला. नाशिक-पुण्याची पोरं घरी पळतात, विंग रिकामी, संध्याकाळची मेस बंद. त्याला दर शनिवारी गावी जाता येण्यासारखं नव्हतं, आणि जाता येत असतं तरी सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मी दर सुट्टीला घरी जाऊ नका असंच सांगते, कारण सोमवारी परत पहिल्यापासून सुरू होतं. इथे पप्पा उपयोगी पडले, तेच थेरंवाले. त्यांनी फोन करून सांगितलं, तुर्भ्याला दाणाबंदर आहे म्हणे, धान्याचा बाजार, जाऊन बघ की आपली तूरडाळ काय भावाने विकतात. पोरगा एका शनिवारी खरंच गेला, तिथल्या बाजार समितीत लातूरच्या डाळमिलच्या गोण्या शोधून काढल्या, फोटो पाठवला. पप्पांनी उलट फोन करून वीस मिनिटं भावावर चर्चा केली. बापलेकाचं एवढं बोलणं कधीच झालं नव्हतं, असं आईनेच मला सांगितलं.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी, नाहीतर कोणी म्हणेल मॅडमनी सांगितलंय, आपोआप करमेल. प्रत्येक वेळी नाही करमत. करमत नसलेलं पोरगं घरच्या डब्यातलं धपाटं बघून खुलतं, मित्राच्या जोकवर हसतं, दुपारी बरं असतं आणि रात्री खचतं. पण दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण नाही, लेक्चरला जाणं बंद, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, घरी आणलं तरी तसंच, तर ते नुसतं "करमत नाही" नसतं, डॉक्टरकडे न्यायचं. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर रात्री तीनलाही लागतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. अशा वेळी घेऊन येऊ का या प्रश्नाला माझं उत्तर हो असतं, वर्ष गेलं तर जाऊदे.

ओंकारवर ती वेळ आली नाही. दिवाळीला घरी जाऊन आला, आल्यावर दोन दिवस परत वाईट गेले, ते जातातच, मी आधीच सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरमध्ये एकदा रात्री सव्वाआठला त्याचा मला मेसेज. "मॅडम आई फोन उचलत नाहीये, तीनदा केला, काही झालं असेल का?" त्यांच्यातलं काहीतरी सांगायचं होतं म्हणून वेळ सोडून केला होता. मला माहीत होतं, तिने मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं की ती आता आठ वाजता देवळात हरिपाठाला जाते आणि फोन घरीच ठेवते. मी लिहिलं, हरिपाठ सुटला की करेल, तू जेवून घे.