बर्फाळ खिडकीतलं ऑर्किड

प्रश्न: मी पाचपाखाडीची. लेकीच्या बाळंतपणासाठी टोरंटोला आलेय, मार्चअखेर परत. बाहेर नुसता बर्फ, पावणेपाचला अंधार, बाळ झोपलं की घर एकदम गप्प. जावयांनी सुपरमार्केटमधून ऑर्किडची कुंडी आणलीय, लेबलवर फॅलेनॉप्सिस लिहिलंय. आता दिवसभर माझं लक्ष त्याच्याकडेच. पण दोन कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळल्या. कुठे ठेवू, पाणी किती देऊ? आणि येताना ठाण्याला आणता येईल का?
– एक आजी, ठाणे

उत्तर: ताई, आधी बाळाला आशीर्वाद. आता कळ्यांचं. हे झाड मूळचं इंडोनेशिया, फिलिपिन्स बाजूच्या दमट जंगलातलं, तिथे झाडांच्या खोडावर वाढतं, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत ते टोरंटोचं नाही, तुमच्याआमच्या बाजूचं आहे. ठाण्यातली जुलैची हवा त्याला आवडेल, आणि तुमच्या घरात हीटरने हवा पार कोरडी झालेली असणार. कळ्या गळायचं ते एक मोठं कारण. दुसरं म्हणजे दुकानातून गाडीपर्यंत आणताना गार वारा लागला असेल तर त्याचा परिणामही नंतर दिसतो. आणि किचनमध्ये सफरचंदं-केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवलंय का बघा, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो त्यानेही कळ्या आणि फुलं गळतात. तिथून हलवा, हीटरच्या झोतातूनही हलवा, आणि एका ताटलीत खडे आणि थोडं पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, बूड पाण्यात बुडता कामा नये.

जागेचं मात्र इथल्यापेक्षा अगदी उलटं आहे. ठाण्यात आपण ऑर्किडला थेट उन्हात ठेवत नाही, ग्रीन नेट लावतो, नाहीतर पानं भाजतात. तिथे डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि सूर्य इतका खाली की दक्षिणेची खिडकीच सगळ्यात चांगली, बिनधास्त तिथे ठेवा, फक्त रात्री पानं गार काचेला टेकायला नकोत. मार्चमध्ये ऊन चढलं की मध्ये पातळ पडदा ओढा. आणि कळ्या उमलत असताना कुंडी सारखी फिरवू नका, दांडा उजेडाकडे वळलेला असतो, फिरवलं की फुलं वाकडीतिकडी तोंडं करतात.

पाणी वार लावून देऊ नका, मुळं बघून द्या. प्लास्टिकची कुंडी पारदर्शक असते ती त्यासाठीच. मुळं चंदेरी दिसली की तहान लागलीय, हिरवी असतील तर थांबा. साधारण सात ते दहा दिवसांनी सिंकमध्ये कोमट पाणी भरपूर ओतायचं, पूर्ण निथळू द्यायचं, मधल्या पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी टिपून घ्यायचं. काही लेबलांवर बर्फाचे खडे घाला असं लिहिलेलं असतं, त्याने झाड मरत नाही, पण मला ते पटत नाही, कोमट पाणीच द्या.

एवढं जमलं तर एकेक फूल दोन-तीन महिने टिकतं, म्हणजे तुमचा हिवाळा निघाला. कळ्या खालून वर एकामागून एक उमलतात, तेव्हा सकाळचा चहा तिथेच घ्या. पाकळ्यांवरच्या शिरा आणि मधली ओठासारखी पाकळी जवळून बघा, लांबून त्यातलं निम्मंच दिसतं.

ठाण्याला आणायचं म्हणाल तर आणू नका. झाड देशाबाहेर न्यायला तिथलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र, इथला आयात परवाना, त्यात ऑर्किडवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध वेगळे. एका कुंडीसाठी कशाला! लेकीकडेच राहू दे. फुलं गेली म्हणजे झाड मेलं असं तिला वाटेल, तेवढं सांगून या. दांडा वाळला तर बुडापासून कापायचा, हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर. पुढच्या ऑक्टोबरात खिडकीपाशी तीन-चार आठवडे रात्री १६ ते १८ अंश मिळाले की नवा दांडा निघतो आणि पुन्हा भर बर्फात फुलं.

प्रश्न: इथे नेरूळला असंच ऑर्किड आणलं होतं, फुलं गेल्यावर परत आलीच नाहीत. काय करावं?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: वर लिहिलेला गारवा आपल्याकडे जेमतेम मिळतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाल्कनीतच ठेवा, एसीच्या खोलीत नको. तरीही फुलं नाही आली तर डेंड्रोबियम हा ऑर्किडचाच दुसरा प्रकार लावा, आपला उकाडा त्याला सोसतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लाकडी कोळसा यात लावायचं, माती अजिबात नाही. सह्याद्रीतली सीतेची वेणी मे-जूनमध्ये फुलते, तीही ऑर्किडच, पण ट्रेकला गेल्यावर झाडावरून काढून आणू नका प्लीज, नर्सरीत वाढवलेली मिळाली तरच घ्या.