त्याच गाडीत दुसरा कोण होता?

अगं पोरी,

पत्र मिळालं. कोइम्बतूरच्या कार्टिंग शर्यतीहून परत येताना रेल्वेतच लिहिलेलं दिसतंय, कारण राग जराही निवलेला नाही. पहिल्या आलेल्या मुलाची चासी कोरी करकरीत होती, त्याच्या वडिलांनी सरावालाही नवे टायर चढवले, त्याच्या दिमतीला दोन मेकॅनिक आणि वर एक कोच, हे सगळं तू अगदी सविस्तर लिहिलंस. मग तिथून थेट फॉर्म्युला वनच्या हॅमिल्टन आणि वर्स्टापेनवर गेलीस. आणि शेवटी विचारलंस, ‘काका, चॅम्पियन माणूस होतो की गाडी? गाडीच होत असेल तर मी कशाला एवढी मरमर करू?’

सगळं पत्र पुन्हा वाचलं. तुझ्याच टीममधल्या दुसऱ्या मुलाबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही. तोच तंबू, तीच चासी, तेच सीलबंद रोटॅक्स इंजिन, तोच मेकॅनिक. टायमिंग शीट तूच जोडलीस म्हणून मला कळलं, की तो दर लॅपला तुझ्यापेक्षा चार दशांश सेकंद लवकर येतोय. तुझ्यापुढे निघून गेलेल्या सगळ्या पोरांत फक्त हाच एक असा आहे, की ज्याच्याबद्दल तू ‘त्याची गाडी भारी’ म्हणू शकत नाहीस. आणि नेमका तोच तुझ्या पत्रातून गायब.

राग आला मला, खरं सांगतो. तुझ्यावर जीव आहे म्हणून आला. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर ‘हो बाळा, पैशाचा खेळ आहे’ म्हणून मोकळा झालो असतो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे मी ते टाळलं असं व्हायला नको. वाईट गाडीतून किताब येत नाही. 2014 ते 2016 या तीन हंगामांत फॉर्म्युला वनच्या 59 शर्यती झाल्या, त्यातल्या 51 मर्सिडीजने नेल्या. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही गाडीत देव बसवला असता तरी तो चॅम्पियन झाला नसता. हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. पण त्या मर्सिडीज दोन होत्या, हे तुम्ही मंडळी विसरता. एकीत हॅमिल्टन, दुसरीत रोझबर्ग. हॅमिल्टन दोनदा चॅम्पियन झाला आणि 2016 ला रोझबर्गने त्याला पाच गुणांनी हरवलं. लगेच पाच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली. एका माणसाला त्याच गाडीत एकदा मागे टाकायला त्याला काय द्यावं लागलं असेल, याचा विचार कर जरा.

म्हणून कोणी चॅम्पियन झाला की मी एकच विचारतो: त्याच गाडीत दुसरा कोण होता? तालमीत पैलवानाची जोड वजनावर लावतात, तशी चालकाची जोड गाडीवर लागते, आणि ती जोड त्याच्याच गॅरेजमध्ये असते.

1988 ची मोनॅकोची शर्यत घे. त्या वर्षी 16 पैकी 15 शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या, म्हणजे ‘गाडीच सगळं करते’ म्हणणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळायचा नाही. आता शनिवारची पात्रता फेरी बघ. एका मॅक्लारेनमधल्या आयर्टन सेनाचा लॅप 1 मिनिट 23.998 सेकंद. दुसऱ्या मॅक्लारेनमध्ये प्रॉस्ट, तोवर दोनदा जगज्जेता झालेला. त्याचा लॅप 1 मिनिट 25.425. जिथे शतांशांवरून भांडणं होतात तिथे जवळपास दीड सेकंदाचा फरक. तेच इंजिन, तेच टायर, तोच रस्ता. आणि रविवारी काय झालं? आघाडी भरपूर, मागे जवळपास कोणी नाही, आणि सेना पोर्टिएच्या वळणावर कठड्यावर आदळला. प्रॉस्ट जिंकला. एका गाडीने एकाच वीकेंडला दोन माणसांबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एकाकडे वेग किती, हे शनिवारी कळलं. दुसऱ्याकडे डोकं किती थंड, हे रविवारी. पुढे हंगामाचा किताब सेनाने घेतला, तोही तेव्हा सर्वोत्तम 11 निकालांचेच गुण धरायचा नियम होता म्हणून. एकूण गुण प्रॉस्टचे जास्त होते. त्यावर वाद घालायला लोकांना अजून वेळ आहे. मला त्या दीड सेकंदात आणि त्या कठड्यात सगळं मिळतं.

वर्स्टापेनचंही तेच. 2023 ला रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती मारल्या, तेव्हा सगळे म्हणाले, डिझायनर न्यूईची गाडी आहे, कोणीही जिंकेल. मग दुसऱ्या रेड बुलमधला पेरेझ चॅम्पियन का नाही झाला? वर्स्टापेनचे 575 गुण, पेरेझचे 285. तरी पेरेझ त्या वर्षी दुसरा आला, म्हणून ते झाकलं गेलं. 2024 ला गाडी बिघडत गेली आणि झाकण उडालं. वर्स्टापेन 437 गुण घेऊन चॅम्पियन, पेरेझ 152 गुणांवर आठवा, आणि रेड बुल संघ म्हणून तिसरी. तिसऱ्या क्रमांकाच्या संघात बसून माणूस जगज्जेता झाला. गाडी उतरली तेव्हा तो तिच्याबरोबर उतरला नाही. पेरेझ उतरला.

आणि आपला नारायण कार्तिकेयन. 2011 ला ग्रेटर नोएडाला आपल्याकडची पहिली ग्रांप्री झाली. त्याची एचआरटी ही त्या वेळची जवळपास सगळ्यात मंद गाडी. नारायण 17 वा आला आणि आपल्या लोकांनी नाकं मुरडली, ‘सतरावा?’ अरे, पण दुसऱ्या एचआरटीत कोण होता? डॅनियल रिकार्डो. पुढे आठ ग्रांप्री जिंकलेला रिकार्डो. तो 18 वा आला. एका शर्यतीवरून मी नारायणला रिकार्डोच्या वर बसवत नाही, तेवढं मला कळतं. पण त्या दिवशी त्या गाडीतून जेवढं निघत होतं तेवढं आपल्या माणसाने काढलं होतं, आणि ते बघायला आपल्याकडे डोळेच नव्हते. सगळे पहिल्या आलेल्या वेटेलकडे बघत होते. तू आज तेच करते आहेस.

आता तू म्हणशील, काका, चांगली गाडी नशिबाने मिळते. थोडी मिळते. 2009 ला चॅम्पियन झालेल्या जेन्सन बटनला मिळाली तशी. पण बरेचदा ती घडवावी लागते. शूमाकर 1996 ला फेरारीत गेला तेव्हा तो दोनदा चॅम्पियन होता आणि फेरारीला 1979 नंतर चालकांचा किताब माहीत नव्हता. मागोमाग त्याच्या जुन्या बेनेटन संघातून ब्रॉन आणि बर्न हे इंजिनियर आले. किताब आला 2000 साली. मधल्या वर्षांत तो माणूस फेरारीच्या फिओरानो ट्रॅकवर चाचण्यांमागून चाचण्या करत होता. 1999 ला सिल्व्हरस्टोनला पाय मोडला, शर्यतीमागून शर्यती बुडाल्या, आणि मलेशियात परत आला तो थेट पोलवर, म्हणजे पात्रता फेरीत पहिला. त्याच फेरारीत अर्व्हाइन, जो त्या वेळी किताबासाठी लढत होता, त्याच्यापेक्षा जवळपास एक सेकंद पुढे.

गाडी घडवायची म्हणजे पाना हातात घ्यायचा असं नाही. गाडी काय करते ते नेमकं सांगता यायला हवं. तू तुझ्या मेकॅनिकला काय सांगतेस ते मी गेल्या वेळी उभा राहून ऐकलंय. ‘दादा, ग्रिप नाहीये.’ ग्रिप नाही म्हणजे काय गं? पुढे नाही की मागे नाही? वळणात शिरताना की बाहेर पडताना? पहिल्या दोन लॅपला की टायर तापल्यावर? तो बिचारा ॲक्सल बदलू की हवा कमी करू, अंदाजाने करणार. नवी चासी दिली तरी तू तिलाही ‘ग्रिप नाहीये’ म्हणशील. तुझा टीममेट काय सांगत होता, ऐकलंस? ‘ब्रेक सोडला की मागचं आतलं चाक लगेच खाली बसतं.’ कार्टला डिफरन्शियल नसतं. आतलं मागचं चाक उचललं गेलं नाही तर ती वळतच नाही, ढकलत जाते. त्याला हे बुडाखाली कळतं. तुझ्यापेक्षा तो जे चार दशांश कमावतो, त्यातले निम्मे मला वाटतं इथेच आहेत.

मी हे एवढं ठासून का सांगतो, तर माझं आयुष्य या एका प्रश्नावर उभं आहे. नाना पेठेत आमच्या उस्तादांचं गॅरेज होतं. उस्ताद रात्र रात्र बसून सिलिंडरचे पोर्ट कानशीने घासायचे. टॉर्च तोंडात, बोट आत घालून कड चाचपायची, पुन्हा दोन हात मारायचे. टू-स्ट्रोकच्या दोन गाड्या त्यांनी अगदी सारख्या बांधल्या होत्या, एक मला, एक दुसऱ्या पोराला. आम्ही शोलावरमला जायचो, चेन्नईजवळच्या त्या जुन्या धावपट्टीवर. सरळ पट्ट्यात कंपनीच्या गाड्या आमच्या शेजारून अशा निघून जायच्या, की वळणात कमावलेलं सगळं तिथे जायचं. मग एका कंपनीने मला बोलावलं. त्यांची गाडी, त्यांचा पगार. मी गेलो नाही. उस्तादांच्या गाडीवर बसून जिंकायचं होतं मला. माझ्याऐवजी जो गेला तो चॅम्पियन झाला, पेपरात फोटो आला, आजही कार्यक्रमांना पाहुणा म्हणून त्याला बोलावतात.

हळहळ वाटते का? वाटते. त्या गाडीवर माझा लॅप काय लागला असता, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते आत टोचतं. पण निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, कोणाला म्हणूही देत नाही. स्टर्लिंग मॉस फॉर्म्युला वनमध्ये चार वर्षं ओळीने दुसरा आला. 1958 ला त्याने चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्नने एक, आणि किताब एका गुणाने हॉथॉर्नचा. त्याआधी पोर्तुगालला हॉथॉर्नला बाद करायला निघाले होते, तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हाच मॉस उभा राहिला होता. नंतर कारखान्याच्या संघाऐवजी रॉब वॉकरच्या खासगी लोटसमध्ये बसून 1961 ला मोनॅकोला त्याने जास्त ताकदीच्या फेरारींना मागे ठेवलं. त्याच्या नावावर किताब नाही. म्हणून तो कमी होता, असं म्हणायची कोणाची छाती आहे? माझी तर नाही. आणि मला कोणी विचारलं, तुम्ही किती पाण्यात होतात, तर मी म्हणतो, उस्तादांच्या दुसऱ्या गाडीवर जो होता त्याला जाऊन विचारा. तो हडपसरला राहतो. तो सांगेल.

पण मी गेलो नाही म्हणून तूही जाऊ नकोस, असा अर्थ काढू नकोस. चांगल्या टीमने बोलावलं तर जा. फांजिओ पाच किताबांत चार कंपन्यांच्या गाड्यांत बसला, आणि योग्य वेळी योग्य गाडीत जाऊन बसणं हाही त्याच्या हुशारीचाच भाग होता. फक्त आत शिरण्याआधी विचार, की दुसऱ्या कार्टला तेच मिळणार आहे का. 2002 ला ऑस्ट्रियात फेरारीने आपल्याच बॅरिकेलोला शेवटच्या सरळ पट्ट्यात वेग कमी करायला लावून शूमाकरला पुढे काढलं, प्रेक्षकांनी हुर्यो केली. असल्या ठिकाणी मिळालेल्या कपाने तुला स्वतःबद्दल काही कळणार नाही. तू पुढे असलीस तरी नाही आणि मागे असलीस तरी नाही.

‘माझ्याकडे चासी जुनी आहे’ हे खरं आहे, मी नाकारत नाही. तुझ्या वडिलांनी ईएमआय भरून ती घेतली आहे, तेही मला माहीत आहे. पण चासी जुनी असण्याचं दुःख तुझ्या टीममेटलाही आहे आणि तो चार दशांश पुढे आहे. ते चार दशांश भरून काढ. मग मी स्वतः तुझ्या वडिलांशी नव्या चासीचं बोलतो. त्याआधी बोलणार नाही.

पुढच्या सरावाला असं करा. दोघांनी कार्ट बदलून घ्या. तुझं वजन कमी म्हणून तुझ्या सीटला शिशाची वजनं ठोकलेली आहेत, ती आधी काट्यावर जुळवून घ्या, नाहीतर सगळा हिशोब फुकट. टायर दोघांचे सारखेच जुने हवेत, हवाही एकाच गेजने मोजलेली. दहा लॅप तू त्याच्या कार्टमध्ये, दहा तो तुझ्या. स्टिअरिंगवरच्या मायक्रॉन मीटरवर त्या सगळ्यात संथ वळणातला कमीत कमी वेग काय येतो तो दोघांचा लिहून काढा. स्टिअरिंग तू उशिरा सरळ करतेस, असा माझा अंदाज आहे. आकडे आले की ठरेल. तो मुलगा भला दिसतो, नाही म्हणणार नाही. म्हणालाच, तर त्याच्या आईशी मी बोलेन.

आणि शीट पाठवशील तेव्हा दोघांची पाठव. तुझी एकटीची आली तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका