वाचकांचे प्रश्न : मॅपला हात लावण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या जुन्या एस्टीमवर मी छंद म्हणून बाहेरचा, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचे इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) बसवला आहे. क्रँकपुलीवर ३६ उणे १ दात्यांची (३६ समान जागा, त्यांतला एक दाता मुद्दाम गाळलेला) चकती आणि तिच्यासमोर दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर आहे. गाडी चालू होते, आयडलिंगही बरे आहे. मात्र ३५०० आरपीएमच्या पुढे ती झटके देते आणि लॅपटॉपवर ‘सिंक तुटले’ अशी नोंद होते. इंधनाचा मॅप (कोणत्या वेगाला आणि भाराला किती इंधन द्यायचे त्याचा तक्ता) तीन वेळा बदलूनही फरक पडला नाही. काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अर्धे उत्तर आपल्या पत्रातच आहे. सिंक तुटणे म्हणजे क्रँकशाफ्ट या क्षणी नेमका कोठे आहे हे ईसीयूला न कळणे. आणि ज्याला इंजिनाचा ठावठिकाणाच लागत नाही, त्याच्या हाती इंधनाचे कितीही अचूक आकडे दिले तरी ते वाया जातात. म्हणून मूळ मॅप परत चढवावा आणि बोनेट उघडावे.

सर्वप्रथम सेन्सरच्या दोन वायरी उलटसुलट तर जोडल्या गेल्या नाहीत, हे पाहावे. या सेन्सरसमोर दाता येऊ लागला की व्होल्टेज एका दिशेने चढते, दाता बरोबर मध्यावर असताना ते झटक्यात शून्य ओलांडते आणि दाता दूर जाताना उलट दिशेला जाते. ईसीयूने पकडायचा तो हाच मध्यावरचा झपाट्याचा उतार. वायरी उलट्या असल्या, तर ईसीयू दात्याचा मध्य सोडून दोन दात्यांमधल्या खाचेचा मध्य पकडतो. परिणामी, जेथे दाता नाही तेथे त्याला एक मोठे, दुप्पट अंतर दिसायला हवे, त्याऐवजी दीडपट अंतर लागोपाठ दोनदा दिसते. आयडलिंगला हे कसेबसे खपून जाते, वेग वाढला की हिशेब चुकतो. कपलरमधल्या दोन पिना अदलाबदल करून पाहायला पैसा लागत नाही आणि दहा मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही.

त्यानंतर टायमिंग लाईट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, घ्यावा. सॉफ्टवेअरमध्ये इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर स्थिर ठेवून पुलीवरच्या खुणेवर प्रकाश पाडावा आणि हळूहळू ३००० आरपीएमपर्यंत जावे. खूण जागची हलली नाही तर सेन्सर आणि चकती खरे बोलत आहेत. ती एका बाजूला सरकत गेली तर नाही. ही चाचणी केल्याशिवाय गाडी ट्यून करायला बसणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे श्रम पाहून वाईट वाटते.

दोन्ही ठीक असल्यास संशय बाहेरच्या विद्युत गोंगाटावर घ्यावा. सेन्सरची वायर जाळीदार आवरणाची असावी, ते आवरण फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलेले असावे, दुसरे टोक मोकळे ठेवावे. आणि ही वायर कॉईल व प्लगच्या वायरींपासून वीतभर तरी दूर न्यावी. प्लग रेझिस्टर प्रकारचे, म्हणजे ठिणगीचा गोंगाट कमी करणारे, आहेत ना, हे त्यांच्यावरच्या नंबरावरून तपासावे. ठरावीक वेगावर लॅपटॉपची यूएसबी जोडणीही तुटत असेल, तर गुन्हेगार बहुतेक येथेच सापडतो.

राहता राहिले अर्थिंग. ते शेवटी लिहीत असलो तरी बाहेरच्या ईसीयूच्या बाबतीत सर्वाधिक डोकेदुखी त्यानेच दिलेली मी पाहिली आहे. एका परिचिताच्या जिप्सीवर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. रेडिएटरचा फॅन सुरू झाला की स्क्रीनवर कूलंटचे तापमान एकदम काही अंशांनी उडायचे आणि इंजिन अडखळायचे. पाणी अर्थातच क्षणात तापत नाही. उडत होते ते व्होल्टेज. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खांबावर, आणि दुसरे ईसीयूच्या अर्थ पिनवर ठेवून फॅन लावला, तर आकडा जवळजवळ अर्धा व्होल्ट दाखवू लागला. तो ०.१ व्होल्टच्या आत राहायला हवा. इंजिनावर थिंबल (अर्थ वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) आवळलेला बोल्ट खोलला, तर त्याच्याखाली रंगाचा चकचकीत थर तसाच होता. जो काही संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांमधून. पॉलिश पेपरने रंग खरवडून, पांढरा धातू दिसल्यावर थिंबल पुन्हा आवळला आणि तापमानाची उडी त्याच क्षणी थांबली.

आपणही ईसीयूचे सर्व पॉवर अर्थ इंजिनावर एकाच जागी आणावेत. थ्रॉटल, कूलंट आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या परतीच्या वायरी मात्र तेथे आणू नयेत; त्या केवळ ईसीयूच्या ‘सेन्सर अर्थ’ पिनवर जाव्यात. जवळ बॉडी दिसते म्हणून तेथेच स्क्रू मारण्याचा मोह वायरमनला नेहमी होतो, तो आवरावा.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. गाडी केवळ ट्रॅकसाठी आहे की रस्त्यावरही न्यायची आहे, हे आपण लिहिलेले नाही. न्यायची असल्यास आधी आरटीओत विचारणा करावी.

प्रश्न : नवा ईसीयू बसवल्यापासून गाडी सेल्फवर चालूच होत नाही, पण धक्का मारला की लगेच चालू होते. बॅटरी नवी आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : धक्क्याने चालू होते, याचा अर्थ सेन्सर, इंजेक्टर, कॉईल सगळे काम करते आहे. फरक एवढाच, की धक्का मारताना चावी ‘ऑन’वर असते आणि सेल्फ मारताना ‘स्टार्ट’वर. ईसीयूची इग्निशन वायर ऑडिओच्या किंवा ब्लोअरच्या लाइनवर जोडलेली असावी, असा माझा अंदाज आहे. ती लाइन सेल्फ मारताना मुद्दाम बंद होते आणि ईसीयूचे डोळे नेमके त्याच वेळी मिटतात. त्या वायरवर मल्टिमीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा शून्यावर गेला तर वायर ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन्हींत जिवंत राहणाऱ्या लाइनवर न्यावी, आणि तिच्यावरून ईसीयूला थेट वीज न देता फक्त मेन रिले (ईसीयूला बॅटरीची वीज जोडणारा विद्युत स्विच) चालवावा. आकडा शून्यावर न जाता ९ व्होल्टच्याही खाली घसरत असेल, तर बॅटरी नवी असली तरी तिच्या केबल आणि क्लॅम्प तपासावेत.

प्रश्न : चार सिलिंडरच्या इंजिनावर, आतच इग्नायटर (कॉईलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असलेली जोडकॉईल, म्हणजे दोन सिलिंडरांना एकदम ठिणगी देणारी कॉईल, लावली आहे. चावी ‘ऑन’ केली की इंजिन बंद असतानाही कॉईल हाताला चटका बसेल इतकी तापते. आतापर्यंत दोन कॉईल जळाल्या.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिसरी कॉईल लावू नका. सॉफ्टवेअरमधील स्पार्क आउटपुटची दिशा, म्हणजे कोणत्या संकेताला कॉईल चार्ज व्हायची हे, उलटी निवडलेली आहे. जोडकॉईल प्रत्येक फेऱ्याला एकदा ठिणगी देते. ९०० आरपीएमला एका फेऱ्यास सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात, आणि त्यांतले साधारण ३ मिलिसेकंद कॉईल चार्ज व्हायला पुरतात. दिशा उलटी झाली की ती उरलेले ६४ मिलिसेकंद चार्ज होत राहते, आणि इंजिन बंद असताना तर अखंड. कॉईलचा कपलर काढून ठेवावा, सेटिंग बदलावे, मगच कपलर लावून चावी ‘ऑन’ करावी आणि पाच मिनिटांनी कॉईलला हात लावून पाहावा. ती थंड असली पाहिजे.

प्रश्न : पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. वाइडबँड मीटरवर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा मीटर) १४.७ हेच लक्ष्य ठेवावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आयडलिंग आणि संथ चालीसाठी ठेवण्यास हरकत नाही, कारण वाइडबँड मुळात लॅम्डा (मिळालेली हवा ही इंधन पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट आहे तो आकडा) मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. लॅम्डा १ असला की इंधन कोणतेही असो, आकडा तोच येतो. प्रत्यक्षात या मिश्रणाला एक किलो इंधनामागे सुमारे १३.५ किलोच हवा पुरते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना मॅप सात-आठ टक्के तरी कोरडा (इंधन कमी देणारा) पडेल आणि तेवढे इंधन वाढवावे लागेल. गोंधळ टाळायचा तर मीटर आणि सॉफ्टवेअर दोन्हींवर सरळ लॅम्डाच निवडावा.